अधिकाराचा कागद

कर्जासाठी बँकेत गेलं की सातबाऱ्यापासून जामीनदाराच्या सहीपर्यंत कागद मागतात आणि आपण वैतागतो. कोट्यवधींच्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांतही हेच चालतं. का, ते मला आज सांगायचं आहे.

१९८० च्या दशकात लंडनमधल्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम या स्थानिक परिषदेने बँकांबरोबर स्वॅपचे शेकडो करार केले. व्याजदराच्या स्वॅपमध्ये एकाने ठरलेल्या दराने व्याज द्यायचं, दुसऱ्याने बाजाराप्रमाणे बदलत्या दराने. मुद्दल जागचं हलत नाही, देणंघेणं फक्त फरकाचं. व्याजदर चढले आणि परिषद तोट्यात गेली. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की असे व्यवहार करण्याचा अधिकारच कायद्याने परिषदेला नव्हता, म्हणून करार मुळातच रद्दबातल. सह्या झालेल्या असूनही बँकांचा करारावरचा हक्क गेला!

समोरच्याला अधिकार आहे का, हे आधी पाहायचं ते यासाठी. अशा व्यवहारांसाठी जगभर ‘इस्डा’ या संघटनेचा नमुना करार वापरतात. त्याच्या १९९२ आणि २००२ च्या आवृत्त्यांत चौथं कलम कागद देण्याचं बंधन घालतं. सोबतच्या शेड्यूलच्या तिसऱ्या भागात तक्ता असतो: कोणी, कोणता कागद, कधीपर्यंत द्यायचा. संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्यांची यादी, वार्षिक ताळेबंद, करविषयक फॉर्म वगैरे.

कागद दिला नाही तर? समोरच्याने नोटीस दिल्यावर तीस दिवसांत चूक सुधारली नाही, तर तो कसूर ठरतो आणि सगळे चालू व्यवहार मुदतीआधी मोडण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. म्हणजे हप्ते वेळेवर भरणारी कंपनीसुद्धा एका ताळेबंदापायी अडचणीत येऊ शकते. करविषयक फॉर्मला मात्र हा नियम लागू नाही. तो न दिल्यामुळे कर कापला गेला, तर भुर्दंड न देणाऱ्यालाच बसतो.

आपल्याकडच्या एखाद्या निर्यातदार कंपनीने बँकेबरोबर हा करार केला, तर हाच तक्ता तिच्यापुढे येतो. मला वाटतं, सही करण्यापूर्वी दराइतक्याच बारकाईने तो वाचावा. आपल्याला वेळेवर देता येणार नाही असा कागद त्यात असेल, तर तारीख आधीच बदलून घ्यावी. सही झाल्यावर ती बदलायला समोरच्याची संमती लागते.