भारवाटप : सर्व्हरचे आणि मागणीचे



रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण २००२ साली सुरू झाले आणि खिडकीपुढील रांगेला पर्याय मिळाला. मात्र गर्दी नाहीशी झाली नाही. ती संगणकजाळ्यावर आली. तत्काळ आरक्षण उघडताच देशभरातून असंख्य विनंत्या एकाच वेळी येतात. हा भार एकटा सर्व्हर पेलू शकत नाही. म्हणून अनेक सर्व्हरचा समूह, म्हणजेच ‘सर्व्हर फार्म’, उभारला जातो व त्यापुढे ‘लोड बॅलन्सर’ ही भारवाटपाची यंत्रणा बसविली जाते. ती विनंत्या आळीपाळीने किंवा ज्या सर्व्हरवर काम कमी आहे त्याच्याकडे पाठविते आणि बंद पडलेला सर्व्हर वगळते.

या उपायाला मर्यादा आहे. चौकशीला उत्तर देणारे सर्व्हर वाढविता येतात. परंतु एकच शायिका दोघांना विकली जाऊ नये, यासाठी तिची नोंद एका वेळी एकाच व्यवहाराला बदलू द्यावी लागते. तेथे रांग अटळ ठरते.

त्यामुळे मागणीचेही वाटप करावे लागते. जून २०१५ पासून तत्काळ आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता, तर इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-प्रमाणीकरण आवश्यक झाले. पहिल्या निर्णयाने गर्दी विभागली. दुसऱ्याचा हेतू गैरवापराला आळा घालण्याचा होता.

सर्व्हर वाढल्याने प्रतीक्षा घटते, आसने वाढत नाहीत. दुर्मीळ सेवा कोणाला मिळावी, हा प्रश्न शेवटी धोरणाचाच राहतो.