अतिचंचल मूल आणि त्याचे पालक



खारबाव हे वसई-दिवा लोहमार्गावरील भिवंडी तालुक्यातील गाव. गावाच्या आसपास भातशेती आणि खाडीलगतची खार जमीन. तर रस्त्याने भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रहदारी. अशा ठिकाणी मूल घराबाहेर पडले की आईचा जीव टांगणीला लागतो. मग जे मूल क्षणभर एका जागी ठरत नाही, चेंडूमागे धावताना समोर अंगण आहे की हमरस्ता याचे ज्याला भान राहत नाही, त्याच्या आईची अवस्था काय होत असेल!

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अवधानन्यूनता व अतिचंचलता असे म्हणतात. 'एडीएचडी' हे तिचे आद्याक्षरी नाव आता अनेक शिक्षकांच्या कानांवरून गेलेले आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली दिलेल्या व्याख्यानांत 43 मुलांची हकीकत सांगितली होती. बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवर घालणे ज्यांना साधत नाही, अशी त्यांतील अनेक मुले होती. स्टिल यांना त्यात नैतिक संयमाचा अभाव दिसला. शास्त्राने तो अर्थ केव्हाच सोडला. गावोगावच्या ओट्यांवर मात्र तो अद्याप प्रचलित आहे. "सूनबाई, तुझेच लाड नडले," हे वाक्य अशा घरातील सुनेस दिवसातून किती वेळा ऐकावे लागते, हे तिचे तिलाच ठाऊक.

वस्तुतः लाडांनी, साखरेने वा आईच्या नोकरीने हा विकार जडत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. लक्ष टिकवणे, थांबणे, पुढचामागचा विचार करणे ही कामे पाहणारी मेंदूतील यंत्रणा अशा मुलांत उशिरा पक्व होते. बापाच्या बालपणीच्या कागाळ्या आजीला विचाराव्यात. पुष्कळदा तिथेच उलगडा होतो. जगभरातील पाहण्यांनुसार हे प्रमाण शंभर मुलांमागे सुमारे पाच आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे दोघे असू शकतात.

तथापि प्रत्येक खोडकर मुलास हे नाव चिकटवणे अन्यायाचे होईल. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी आढळावीत आणि त्यांमुळे मुलाचे नुकसान होत असावे, हे तज्ज्ञ पडताळून पाहतात. कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप किंवा घरातील ताण यांमुळेही मूल अस्थिर होते. म्हणून ती तपासणी आधी. मुलींच्या बाबतीत उलट चूक घडते. बाकावर गुपचूप बसलेली, पण लक्ष खिडकीबाहेर असलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या नजरेसही येत नाही.

पालकांनी करावयाचे ते काम मोठे नाही, पण चिवट आहे. "दप्तर भर, हातपाय धू, आणि येताना आजोबांना पाणी आण" अशी तिहेरी आज्ञा दिली, तर पहिल्या शब्दानंतरचे सारे हवेत विरते. जवळ जावे, खांद्यावर हात ठेवावा, एकच काम सांगावे आणि ते होताच तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. रविवारी जत्रेला नेण्याचे वचन सोमवारच्या अभ्यासास उपयोगी पडत नाही. या मुलांना 'नंतर' हा काळ फार दूरचा वाटतो. अभ्यास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत घ्यावा, मध्ये अंगणातून एक फेरी मारू द्यावी. उठणे, जेवणे, झोपणे यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. वडील गोदामात वा यंत्रमागावर पाळीने काम करीत असतील तर हे अवघड जाते, हे खरे. पण मुलाची वेळ वडिलांच्या पाळीबरोबर बदलू नये. आईने नको म्हटलेले आजीने पदराआड दिले, की आठवड्याची मेहनत वाया जाते. रस्त्याच्या बाबतीत मात्र समजुतीवर विसंबून चालणार नाही: हात धरूनच पलीकडे न्यावे.

माराने मूल तेवढ्यापुरते थांबते. त्याच्या स्मरणात धडा राहत नाही, भीती राहते. शाळेत तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस बंदीच आहे. त्यापेक्षा अशा मुलास फळ्याजवळ, दारखिडकीपासून दूर बसवावे. वह्या वाटणे, घंटा देणे ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. घरी धाडलेल्या वहीत तक्रारीआधी दिवसातील एक चांगली गोष्ट लिहावी. ते एक वाक्य घरातले वातावरण किती बदलते, हे लिहिणाऱ्या गुरुजींच्या सहसा लक्षात येत नाही.

अगदी लहान वयात, साधारण सहा वर्षांपर्यंत, पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो. पुढे गरजेनुसार तज्ज्ञ औषध देतात. ते गुंगीचे औषध नव्हे. मात्र त्याने भूक व झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते सुरू करू नये, तसेच बंदही करू नये. देवधर्म ज्याचा त्याने करावा. त्यापायी तपासणी लांबू नये, इतकेच.

ही तपासणी दाराशी येऊ शकते, याची कल्पना अनेकांस नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये, त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघर येथून झाला. त्यातील 30 दोष-विकारांच्या यादीत या विकाराचा समावेश आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी शिक्षकांनी आपले निरीक्षण डॉक्टरांच्या कानी घालावे. पुढील वाट खारबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाकडे, आणि गरज पडल्यास ठाण्याच्या 1901 पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे जाते. मनोरुग्णालय म्हणताच बिचकण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्याचा सल्ला 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर घरबसल्याही मिळतो.

अधिकारीवर्गाने एक बाब ध्यानी ठेवावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत केवळ अतिचंचलतेचे वेगळे नाव नाही; विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र आहे, आणि हे दोन्ही पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. म्हणून वाचन-लेखनाची चाचणी करून घेतल्याखेरीज पालकास रिकाम्या हाती परत पाठवू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. अशा मुलांच्या आईवडिलांनी महिन्यातून एकदा एकत्र बसण्याचा विषय तिच्या पुढील बैठकीत सहज घेता येईल. वर्गखोली आहे, चटई आहे, खर्च चहाचा. आणि त्या तासाभरात मुलांना मैदानावर कोणी खेळवायचे, एवढे पंचायतीच्या तरुण सदस्यांनी ठरवावे.