चार बटाटे बॅगेतले

आम्ही धसईच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. भात निघाल्यावर पाण्याजवळच्या तुकड्यात आम्ही थोडा बटाटा लावतो. आमच्यातल्या एका ताईंचा भाऊ परदेशी नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला, “इथला बटाटा केवढा मोठा! बेण्याला चार आणू का बॅगेतून?” ताई हरखल्या. आम्ही मात्र नको म्हटलं.

१९०६ साली इटलीहून बेण्याचा बटाटा मुंबई इलाख्यात आला, त्याच्यासोबत पाकोळी आली. तिची अळी शेतात पानं पोखरते, घरात साठवलेला बटाटाही पोखरते. शंभर वर्षं उलटली, ती काही गेली नाही.

म्हणून केंद्र सरकारचा २००३ चा आदेश आहे. परदेशी बेण्याला आधी परवाना हवा, त्या देशाचा रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला हवा, आणि इथे उतरल्यावर तपासणी. बॅगेतल्या चार बटाट्यांनाही सूट नाही.

आपल्या हातातलंही करूया. बेणं प्रमाणित घ्या, भोक पडलेलं बाजूला काढा. सरीला मातीची भर द्या, बटाटा उघडा दिसू देऊ नका. काढलेला बटाटा रात्री शेतात उघडा ठेवू नका, पाकोळी त्यावर अंडी घालते.

ताईंनी भावाला कळवलंय, “तू ये, बटाटे तिथेच राहू देत.”