शकुंतलेचा डबा : जतन कशाचे आणि कसे?
(अमरावती येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हटले, की ते एका आगगाडीचे नाव आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मूर्तिजापूर हे या गाडीचे माहेर. तेथून एक फाटा दर्यापूर व अंजनगाववरून अचलपूरला जाई, तर दुसरा कारंजा व दारव्हा या मार्गे यवतमाळला. पहिला सुमारे ७६ किलोमीटरांचा, दुसरा ११३ किलोमीटरांचा. आणि दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट.

या मार्गाचा जन्म कापसाच्या पोटी झाला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस बंदराच्या वाटेला लागला. परंतु मुख्य मार्गापासून दूर असलेल्या बाजारपेठांतून स्थानकापर्यंत तो बैलगाडीनेच न्यावा लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९१० मध्ये नोंदविलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हा अरुंद मार्ग हाती घेतला. कंपनीचा कारभार किलिक निक्सन या पेढीकडे होता. स्वातंत्र्योत्तर काळात देशातील बहुतेक रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. हा मार्ग मात्र कंपनीकडेच राहिला आणि त्यावर गाड्या चालविण्याचे काम मध्य रेल्वे करीत राहिली.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या गाडीला जुंपले गेले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. ज्या नगरीच्या गिरण्यांना एके काळी वऱ्हाडचा कापूस हवा होता, तिनेच आपल्याला हे इंजिन दिले, हा इतिहासाचा एक विलक्षण योग होय. २०१६ मध्ये मार्गाच्या रुंदीकरणाला संमती मिळाली आणि २०२० पर्यंत दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या होत्या.

रुंद मार्ग ही या भागातील जनतेची रास्त मागणी आहे. जतनाचा आग्रह धरणे म्हणजे तिला विरोध करणे नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की जुने रूळ उखडले जातात तेव्हा त्यांवरील वाहनांचे काय व्हावे? इंजिनाला सहसा कोणीतरी वाली भेटतो. डबा मात्र भंगारात जातो. वास्तविक बाजाराला जाणारा शेतकरी, माहेरवाशीण आणि शाळकरी पोर यांचा सहवास डब्यालाच लाभला. म्हणून निदान एक डबा तरी नीट राखला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नीट राखणे म्हणजे रंग लावून स्थानकासमोर उभा करणे नव्हे. जुन्या पद्धतीच्या डब्यात खाली पोलादी सांगाडा आणि वर सागवानी पिंजरा असे. लाकडे खाच पाडून एकमेकांत बसविलेली असत. वऱ्हाडच्या वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा हे लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि सांधे सैल होतात. छतातून पाणी झिरपू लागले, की आतून कुजणे सुरू होते. पुढील काळातील पत्र्याच्या डब्यालाही गंज आतूनच खातो. वरचा ताजा रंग तो केवळ झाकून ठेवतो. म्हणून पहिला खर्च रंगावर न करता छप्पर व निवाऱ्यावर केला पाहिजे.

दुसरे काम नोंदीचे. एकही खिळा काढण्यापूर्वी मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत. रंगाचा एकेक थर हळुवार खरवडला, तर कोणत्या काळी डबा कोणत्या रंगाचा होता ते कळते. कुजलेला तुकडा तेवढाच बदलावा, शाबूत लाकूड काढू नये. आणि नवा भाग कोणता, हे लिहून ठेवावे. चाकांच्या आसाजवळच्या तेलपेटीकडेही लक्ष हवे. जुन्या तेलपेटीत तेलात भिजविलेल्या धाग्यांचा बोळा आसाला वंगण पुरवीत असे. ही बारीक बाब समजावून सांगणारा फिटर आज वृद्ध झाला आहे. त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हाही जीर्णोद्धाराचाच भाग आहे. डबा पुन्हा बांधता येईल, परंतु त्या हातांचे ज्ञान एकदा गेले की परत येत नाही.

असे काम आपल्याकडे अशक्य नाही. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले. आपल्या शेजारी नागपूरला, मोतीबाग येथे, २००२ पासून खास अरुंद मार्गाच्या वाहनांचे संग्रहालय आहे. पुढे २०१५ च्या अखेरीस नागपूर–छिंदवाडा हा अरुंद मार्ग बंद झाला. परंतु ती परंपरा कशी होती, हे तेथे मुलांना डोळ्यांनी पाहता येते. मार्ग संपण्यापूर्वीच संग्रहालय उभे राहिले, ही दूरदृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मूर्तिजापूरला छताखाली उभा असलेला एक डबा, त्यात जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींचा संग्रह, आणि कापसाच्या वाहतुकीचा इतिहास सांगणारे चार तक्ते एवढे झाले तरी पुष्कळ झाले. रेल्वे प्रशासन, नगरपालिका, महाविद्यालये आणि नागरिक यांनी एकत्र बसून ते ठरवावे. उद्या रुंद मार्गावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला आपले आजोबा कोणत्या बाकावर बसून बाजाराला गेले, हे दाखविता आले पाहिजे. लाकूड आणि लोखंड आपल्यासाठी थांबत नाहीत. म्हणून हे काम लवकर हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.