पाळकाचा संसार



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काही जणांना वाटले असेल की, एक ख्रिस्ती पाळक आता येथे उभा राहून तासभर उपदेश करणार. ती भीती बाळगू नये. उपदेश मी दर रविवारी करतोच, आणि ज्यांना तो ऐकावा लागतो त्यांची सहनशक्ती मला ठाऊक आहे. आपल्या वसंताचा उन्हाळा करावा अशी माझी इच्छा नाही. मला बोलावयाचे आहे ते घराविषयी.

आधी एक लहानसा खुलासा करतो. पाद्री, फादर, पाळक हे शब्द आपल्याकडे सरसकट एकाच अर्थाने वापरतात. रोमन कॅथलिक धर्मगुरू अविवाहित राहतात. आम्ही प्रॉटेस्टंट पाळक बहुधा संसारी. बायको, मुले, दुधाचा हिशेब, मुलीची दहावी, म्हातारीचे गुडघे हे सारे आम्हांलाही आहे. इतकेच नव्हे, तर मंडळीचा अध्यक्ष निवडताना त्याचे घर कसे चालले आहे ते आधी पाहावे, असे पौलाने तीमथ्याला बजावून ठेवले आहे. ही अट मोठी अडचणीची! चार लोकांपुढे क्षमेवर सुंदर बोलता येते. पण मागच्या बाकावर आपली बायको बसलेली असते, आणि सकाळी चहा गार मिळाला म्हणून आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात असते. इतर वक्त्यांना ही सोय नाही.

आता श्रद्धा आणि घर यांची गाठ कोठे पडते नि कोठे तुटते, हे पाहावयाचे तर मला आपल्याच भाषेतील एका पाळकाच्या घरी जावे लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला ठाऊक आहेत ते फुलांमुलांचे कवी म्हणून. कोकणातल्या करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथपर्यंतची हकीगत आमच्या लोकांत फार आवडीने सांगितली जाते. मला विचारावेसे वाटते ते पुढचे: त्या दिवशी लक्ष्मीबाईंचे काय झाले? नवऱ्याने धर्म बदलला तो त्यांच्या संमतीने नव्हे. ज्या घरी बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्यावाचून आत जात नसे, इतके वडिलांचे कडक सोवळे, त्या घरची ही मुलगी. पदरात चारेक वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, आणि तरी त्याच्या घरी नांदता येत नाही. नातेवाइकांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरासारख्या क्षेत्रात, त्यांनी ती वर्षे काढली. टिळकांना त्या दिवशी शांती मिळाली, यावर माझा विश्वास आहे. पण त्या शांतीचे मोल चुकते केले ते त्या बाईने, आणि तिला विचारल्यावाचून. हे बोलताना मी टिळकांचा अनादर करीत नाही. त्यांची गीते गात मी लहानाचा मोठा झालो. आमच्या उपासनेत टाळमृदंगाचा जो नाद आज ऐकू येतो त्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. परंतु आदर आहे म्हणून हिशेब झाकून ठेवावा, असे नाही.

टिळकांचा मोठेपणा मला दिसतो तो बाप्तिस्म्यानंतर. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून ठेवला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको त्या कारणाने नांदावयास येत नसेल, तर कोर्टात जाऊन तो विवाह मोडून घेण्याची वाट त्यात होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपले देव घेऊन आल्या. पौलाने करिंथकरांना लिहिलेच आहे की, विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर पतीने तिला सोडू नये. ते वचन वाचावयास सोपे आहे. एका छपराखाली दोन चुली पेटल्या म्हणजे त्याचा अर्थ कळतो. आणि टिळक स्वभावाने शांत होते असे कोणी समजू नये! रागाचा तडाखा कसा असे ते ‘स्मृतिचित्रां’त बाईंनी हसतहसत लिहून ठेवले आहे. अशा तापट माणसाने या एका बाबतीत आपला हात आवरला, ही मला त्यांच्या सर्व कवितांहून अवघड गोष्ट वाटते.

लक्ष्मीबाईंच्या मनातली स्पृश्यास्पृश्यतेची गाठ सुटली ती राहुरीस, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. ही जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनी स्वतःला घातला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाच वर्षे! टिळकांनी घाई केली असती तर कदाचित ती चार महिन्यांतही झाली असती, पण मग ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ती बाई उरली असती की नाही, याची मला शंका आहे.

हे जुने प्रकरण मी उगाच काढले नाही. माझ्या दारी हा प्रश्न आजही येतो. ख्रिस्ती मुलगा, हिंदू मुलगी. दोघांचे मन जुळलेले. मुलाची आई मला बाजूला घेऊन सांगते, “पाळकसाहेब, लग्नाआधी पोरीचा बाप्तिस्मा तेवढा उरकून घ्या.” उरकून घ्या! जणू तो हॉलचे भाडे भरण्यासारखा सोपस्कार आहे. मी त्या आईला सांगतो की, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरते, आणि विशेष विवाहाचा १९५४ चा कायदाही आहे. तेव्हा कायद्याची सबब नको. मग ती खरे कारण सांगते: लोक काय म्हणतील? आता लोकांसाठी पाणी डोक्यावर घ्यावयाचे असेल तर त्याला विहीर पुरे; वेदीपाशी येण्याचे कारण नाही. लग्नाची अट म्हणून मी बाप्तिस्मा देत नाही. यावरून काही घरे माझ्यावर रुसली आहेत, आणि रुसोत. त्याचप्रमाणे एखादा गृहस्थ एकटाच येऊन बाप्तिस्मा मागू लागला की माझा पहिला प्रश्न असतो, “घरी बोललात का?” त्याच्या श्रद्धेवर मला बायकोचा पहारा बसवावयाचा नाही; तो मोकळा आहे. पण ती बातमी तिला शेजाऱ्याकडून कळू नये, एवढे तरी मी पाहतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हां ख्रिस्ती आईबापांना जास्त झोंबते. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि एका रविवारी म्हणतो, मी चर्चला येत नाही. पाळकाच्या घरात तर हा भूकंपच! दुसऱ्याच्या मुलीला मोकळीक देताना जी उदारता वाटते ती स्वतःच्या मुलापाशी येऊन अडखळते. अशा वेळी त्याची जेवणाची वेळ नि बापाची बोलण्याची रीत, दोन्ही रविवारच्या आधी होती तशीच रविवारनंतर राहिली पाहिजेत, इतकेच मला सांगता येते. याहून मोठा उपाय कोणाला सापडला असेल तर त्यांनी सभेनंतर मला जरूर भेटावे.

पैशाबद्दल दोन शब्द बोलतो. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे; येणाऱ्याला देऊन टाकीत, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवावी हा विचार लक्ष्मीबाईंचा. घरात परक्यांची मुले वाढली. नगरला बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहून गेले. जग टिळकांना दाते म्हणाले. त्या दानाला वाटी लागली ती बाईंच्या डब्यातली. १९१७ साली तर टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ताचा संन्यासी होण्याचे ठरविले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. कल्पना थोर! परंतु पाळकाला संन्यास घेता येतो, पाळकाच्या बायकोला तो घेता येत नाही. कोणी तरी पीठ मळावेच लागते. आमच्या उत्तर भारताच्या मंडळीत, म्हणजे १९७० साली नागपुरास एकत्र झालेल्या चर्चमध्ये, आता स्त्रियाही पाळक होतात. त्यांच्या यजमानांनी एखादे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले तर मी पहिली प्रत घेईन.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाई त्यानंतर मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहू लागल्या. जोडाक्षरे त्यांना शेवटपर्यंत नीटशी साधली नाहीत. नवऱ्याने येशूच्या चरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर सोडले होते. ते त्यांनी हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या ख्रिस्तामुळे काही वर्षे घर मोडले होते, त्याचे चरित्र त्यांनी नवऱ्यापेक्षा कितीतरी अधिक लिहिले. ‘स्मृतिचित्रां’चा शेवटचा भाग हातावेगळा होण्यापूर्वीच, १९३६ साली त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले ते १९३८ साली.