स्वस्त विमानातली जागा

मुंबईहून गोव्याला निघालेलं विमान दक्षिणेकडे जातं. म्हणजे उजवीकडच्या ‘एफ’ खिडकीतून समुद्र, तर डावीकडच्या ‘ए’ खिडकीतून सह्याद्री. दुपारच्या उड्डाणात मात्र समुद्रासोबत कडक ऊनही तोंडावर येतं!

स्वस्त विमानसेवांच्या एअरबस ए-३२० मध्ये एका रांगेत तीन-तीन अशा सहा जागा असतात. हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात ते पंखांजवळ. पण तिथल्या काही खिडक्यांतून पंखच पाहत बसावं लागतं. पंखांच्या मागे इंजिनाचा आवाज वाढतो, शेपटाकडे झोकेही वाढतात आणि शेवटच्या रांगेला शौचालयाचा शेजार असतो.

पाय लांब असणाऱ्यांनी आपत्कालीन दाराच्या रांगेचे जादा पैसे खुशाल मोजावेत. अट एवढीच, की वेळ पडल्यास दार उघडता आलं पाहिजे. त्यामुळे मुलांना, गर्भवतींना तिथे बसवत नाहीत. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पिशवीही चालत नाही.

एटीआर-७२ या छोट्या पंख्याच्या विमानात गणित उलटतं. प्रवाशांचं दार मागे, म्हणून मागच्या रांगा आधी उतरतात. पंख वर असल्याने जमीन मोकळी दिसते, मात्र पंख्यांच्या रेषेतल्या जागा गोंगाटाच्या.

मुलं सोबत असतील, तर आणखी एक गोष्ट. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई, वडील किंवा पालकाशेजारी जागा द्यावी, अशी सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये कंपन्यांना दिली आहे.