परतीची खूण

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि वाटेत अहमदाबादेस थांबून आपल्या एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी बिनतारी यंत्र नव्हते, की जमिनीवरून वाट दाखविणारी कोणतीही योजना नव्हती. त्या काळच्या वैमानिकाची सारी भिस्त होकायंत्र, घड्याळ, वेगमापक आणि मांडीवरचा नकाशा यांवर असे.

आज हौसेखातर लहान विमान चालविणाऱ्याच्या पुढ्यात उपग्रहांचे संकेत घेणारा पडदा असतो आणि त्यावर आपले विमान ठिपक्यासारखे सरकताना दिसते. तेव्हा ही जुनी विद्या आता कशाला, असा सवाल कोणी केल्यास नवल नाही. परंतु पडदा बिघडतो, संकेत तुटतात. आणि ते सर्व शाबूत असले तरी, आपण या घटकेस ज्या ठिकाणी आहोत तेथेच असावयास हवे होते की काय, याची रुजुवात ज्याचे त्यानेच घालावी लागते.

समजा, ताशी ९० सागरी मैल वेगाचे एक विमान जुहूहून, किनारा डाव्या हातास ठेवून, सरळ दक्षिणेकडे निघाले आणि समुद्रावरून ताशी २० मैलांचा वारा काटकोनात येत आहे. नाक दक्षिणेस रोखून वैमानिक निश्चिंत राहिला, तर तासाभरात तो नकाशावर आखलेल्या रेषेच्या पूर्वेस २० मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, गेलेला असतो. आणि कोकणपट्टी इतकी चिंचोळी आहे की पूर्वेस ढळत जाणाऱ्या विमानापासून सह्याद्रीचे कडे फार दूर नसतात. म्हणून नाक वाऱ्याकडे जवळजवळ १३ अंश वळवून उडावे लागते. ते तसे वळविले, तर पाऊण तासाच्या सुमारास बाणकोटची खाडी दृष्टीस पडली पाहिजे. ती न दिसल्यास वारा बदलला आहे किंवा आपली गफलत झाली आहे, हे तत्काळ कबूल करावे. ६० मैलांच्या मजलेत एका अंशाची चूक सुमारे एका मैलाची होते, हा जुन्या वैमानिकांचा हिशेब अशा वेळी फार उपयोगी पडतो.

आता ज्या संकटाविषयी मला विशेष तळमळ वाटते, त्याकडे वळतो. केवळ डोळ्यांनी जमीन पाहून उडावयास शिकलेला मनुष्य ढगात शिरला की कानातील समतोलाचे इंद्रिय त्यास फसविते; विमान एका कुशीवर कलून संथपणे वळत राहिले, तर काही सेकंदांत वळणाची जाणीवच नाहीशी होते आणि आपण सरळ चाललो आहोत, अशी खात्री वाटू लागते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने अशा २० वैमानिकांची परीक्षा घेतली असता एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही, आणि ताबा सुटावयास सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेदेखील नव्हेत! पुढे त्याच मंडळींस, केवळ यंत्रांकडे पाहून विमान सावकाश उलट फिरवून आल्या वाटेने बाहेर पडण्याची तालीम देण्यात आली, तेव्हा ते त्यांस उत्तम साधले.

परंतु ही तालीम घेतलेला वैमानिकही पुष्कळदा माघारी वळत नाही. पोहोचण्याची वेळ सर्वांस सांगितलेली असते, मुक्कामावर कोणी वाट पाहत असते, आणि आणखी दहा मैलांवर आभाळ मोकळे होईल, अशी आशा सुटत नाही. हवेत असताना अशा मोहाशी वाद घालता येत नाही. तो निर्णय जमिनीवर, शांत चित्ताने, आधीच करून ठेवावा लागतो. म्हणून माझी हौशी वैमानिकांस कळकळीची विनंती आहे की, निघण्यापूर्वी आपल्या नकाशावर, ढग खाली आले तर कोठून परतावयाचे, ती जागा पेन्सिलीने ठळक टिपून ठेवा, आणि घरच्यांस ती दाखवून मगच विमानात बसा.